अनेकांचे प्रमाण आणि एकाची प्रकृती
(जवाहर चौक, भोपाळ येथील व्याख्यानाची संहिता)

 

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसनीय या नावाचा एक अध्याय आहे. त्याचे स्थळ गंगातीरीचे कांपिल्य नगर. काळ ग्रीष्माच्या अखेरीचा. भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह वनातून फिरत असता अग्निवेशाला सांगतात की, ग्रहनक्षत्रांची, वायूची आणि दिशांची लक्षणे विपरीत दिसू लागली आहेत. भूमीचा रस जाण्यापूर्वीच औषधी काढून साठवून ठेवा, कारण संकट आल्यावर शोधू जाल तर त्या निर्वीर्य झालेल्या आढळतील. त्यावर अग्निवेश एक प्रश्न विचारतो. माणसांची प्रकृती निरनिराळी, आहार निराळा, बल निराळे, मन आणि वय निराळे. मग एकाच रोगाने एकाच वेळी गावेच्या गावे ओस का पडावीत? आत्रेय उत्तर देतात की, प्रकृती भिन्न असल्या तरी वायू, जल, भूमी आणि काळ ही चार सर्वांना समान असतात. ती बिघडली म्हणजे कोणाची प्रकृती कोणती हे रोग विचारीत नाही. आणि ती बिघडतात ती माणसाच्या अधर्मामुळे, त्याच्याच प्रज्ञापराधामुळे, असेही ते पुढे बजावतात.

हा अध्याय इतरत्र वाचणे निराळे आणि भोपाळात वाचणे निराळे. ज्या शहरात एका रात्री वायूच बिघडला त्या शहरातील श्रोत्यांना तो समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही.

जवाहर चौकाचा हा भाग तात्या टोपे नगरात मोडतो. येवल्यास जन्मलेल्या तात्या टोप्यांचे नाव या वसाहतीला मिळाले, हा मराठी माणसाला सुखावणारा योग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाली आणि नागपूरच्या जुन्या कचेऱ्यांतून कितीतरी मराठी कुटुंबे आपल्या देव्हाऱ्यांसह येथील सरकारी क्वार्टरांत येऊन राहिली. ग्वाल्हेर आणि इंदूर येथूनही आली. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री जे घडले त्याचा मुख्य आघात येथे झाला नाही. तो तळ्यांपलीकडे, जुन्या शहराच्या उत्तरेकडील वस्त्यांवर झाला. तथापि भोपाळच्या त्या वेळच्या ५६ प्रभागांपैकी ३६ गॅसग्रस्त ठरले, आणि ज्याच्या ओळखीत एकही गॅसग्रस्त नाही असे घर या शहरात सापडणे कठीण आहे. यास्तव आजचा विषय कोणालाही परका वाटू नये.

अग्निवेशाला कोडे पडले होते ते हे की, भिन्न प्रकृतीची माणसे एकसारखी आजारी कशी पडतात. आजच्या वैद्यापुढे तेच कोडे उलटे होऊन उभे आहे. हजारो भिन्न माणसांवर घेतलेल्या परीक्षेतून निघालेला एकच निर्णय समोर बसलेल्या एका माणसाला कसा लावावा? या प्रश्नावर आज दोन पक्ष पडलेले दिसतात. एक म्हणतो, सिद्ध झालेले तेवढेच द्या. दुसरा म्हणतो, प्रत्येक माणूस वेगळा, त्याला आकडे कसले लावता? दोन्ही पक्षांच्या तोंडी अर्धेच वाक्य आहे. हे ओळखण्यासाठी फार दूर जावयास नको. पाठशाळेतील पहिल्या वर्षाचा तर्क पुरेसा आहे.

तर्कसंग्रह शिकणाऱ्या मुलाला पर्वत आणि धूर यांचे उदाहरण तोंडपाठ असते. स्वयंपाकघरात, यज्ञशाळेत, जेथे जेथे धूर दिसला तेथे तेथे अग्नी होता असे वारंवार पाहून मनात जो नियम ठरतो ती व्याप्ती. परंतु केवळ या नियमाच्या बळावर पर्वतावर अग्नी आहे असे म्हणता येत नाही. या पर्वतावर धूर आहे हे डोळ्यांनी पाहावे लागते. तिला पक्षधर्मता म्हणतात. व्याप्ती पाठ असून पर्वताकडे मान वर करून न पाहणारा आणि पर्वताकडे टक लावून बसलेला पण व्याप्ती न जाणणारा, दोघेही अग्नीपर्यंत पोहोचत नाहीत. दिसते आहे तो धूर की धुके, हेही पाहणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

याहून सूक्ष्म गोष्ट पुढे आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे; जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नव्हे. लोहाराच्या भट्टीत तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा अग्नीने भरलेला असतो, पण त्यातून धूर निघत नाही. धुरासाठी ओले इंधन लागते. नियमाच्या पोटात लपून बसलेल्या या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. औषधोपचारातील निम्मी भांडणे ही उपाधी न शोधल्याची भांडणे आहेत.

आता व्याप्ती कशी ठरवावी? वैद्यकात हे काम फार अवघड आहे, कारण पुष्कळ रोग आपोआप बरे होतात आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळते. शिवाय वैद्यही माणूसच. नवे औषध हाती आले की, जो जगेल असे वाटते त्यालाच ते देण्याकडे त्याचा कल होतो आणि मग औषध आहे त्याहून गुणी भासते. म्हणून ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा झाली तेव्हा कोणाला औषध द्यावयाचे हे बंद पाकिटातील चिठ्ठीने ठरविण्यात आले. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेली ही परीक्षा १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील परीक्षांचा कित्ता ठरली. चिठ्ठी टाकून औषध देणे कानाला निष्ठुर वाटते. परंतु ती चिठ्ठी रोग्याच्या विरुद्ध नसते. वैद्याच्या मनातील आशेला आणि ममतेला बाजूस ठेवण्यासाठी ती असते. त्याहून कडक प्रकारात औषध देणाऱ्यालाही कुपीत औषध आहे की नुसते पाणी हे ठाऊक नसते.

अशा परीक्षेने माणूस आकडा बनतो, असा आक्षेप घेतला जातो. त्यावर मद्रासचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. मिरज किंवा पाचगणी हे शब्द उच्चारले की जुन्या पिढीच्या मनात सॅनेटोरियम उभे राहत असे. क्षय झालेल्या माणसाला घरातून उचलून दूर न्यावयाचे, उत्तम अन्न, विश्रांती आणि स्वच्छ हवा द्यावयाची, आणि मुलाबाळांनी महिनोन् महिने त्याचे तोंड पाहावयाचे नाही, ही तेव्हाची रीत. गरिबाला तर तेही मिळत नसे. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले आणि तेथे १९३ रोग्यांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये व काहींना आपापल्या घरी ठेवून वर्षभर तेच औषध देण्यात आले. घरचे रोगी दाट वस्तीत राहणारे, अर्धपोटी, कामाला जाणारे होते. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, गुण जवळजवळ सारखाच आला आणि घरातील इतरांना त्यामुळे अधिक बाधाही झाली नाही. या एका परीक्षेने लक्षावधी माणसांना आपल्या माणसांत राहून बरे होण्याची मोकळीक मिळाली. आकड्यांनी येथे घर मोडले नाही, राखले. यातही उपाधी होतीच. मद्रासची मंडळी रोग्यांच्या घरी अवचित जाऊन गोळ्या मोजीत, लघवी तपाशीत. औषध नियमाने पोटात जाणे हेच तेथील ओले इंधन. ते विसरून केवळ घरचा उपचार पुरतो एवढेच सूत्र उचलणाऱ्यांच्या हाती पुढे अर्धवट औषध घेतलेले रोगी आले.

या पद्धतीला आज जे पुराव्याधिष्ठित वैद्यक हे नाव आहे ते १९९१ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गयाट यांनी रूढ केले. तिच्यावर यांत्रिकपणाचा आरोप होऊ लागला तेव्हा डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्पष्टीकरण केले. बाहेरून आलेला पुरावा वैद्याच्या स्वतःच्या अनुभवाची जागा घेऊ शकत नाही, या रोग्याला तो लागू आहे की नाही आणि रोग्याची स्वतःची इच्छा काय आहे हे त्यानेच पाहावयाचे, असा त्याचा आशय आहे. नैयायिकाला यात नवीन काही वाटणार नाही. चरकाने तर आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला युक्ती हे चौथे प्रमाण मानले आहे. आणि रोग्याची प्रकृती, विकृती, सार, शरीराची बांधणी, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय अशा दहा अंगांनी परीक्षा करावयास सांगितली आहे. तथापि एक कबुली दिली पाहिजे. पर्वताकडे पाहण्याची विद्या आपल्याकडे इतकी सूक्ष्म झाली, पण अनेक पर्वत मोजून ठेवण्याची सवय त्या मानाने सुटली. पिढ्यान् पिढ्या उत्तम वैद्य होऊन गेले. त्यांनी शंभरातले किती बरे केले आणि किती गमावले, याची वही क्वचितच सापडते.

वही ठेवणारा एक मराठी डॉक्टर मात्र या विषयात जगाला परिचित आहे. जालना जिल्ह्यात गरिबीत वाढलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या भागात लाल विंचवाने दंश केला म्हणजे कित्येकदा धडधाकट माणूस, विशेषतः मूल, काही तासांत दगावे. आरंभी ओकारी, दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार. मग छातीत पाणी भरून तोंडाशी फेस, आणि शेवट. पुस्तकांत यावर धड काही नव्हते. गावोगाव मंत्र चालत आणि दवाखान्यात जी इंजेक्शने दिली जात त्यांतील काही निरुपयोगी तर काही अपायकारक होती. बावस्करांनी दोन गोष्टी केल्या. ते रोग्याच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसले; आणि बसून जे दिसले ते तासागणिक लिहून ठेवले. दंशाला किती वेळ झाला, रक्तदाब किती, नाडी कशी, घाम कोठे, हात केव्हा गार पडले. या टिपणांचा लेख १९८२ मध्ये लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला.

नोंदींवरून रोगाचे कारण उलगडत गेले. विंचवाचे विष शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सोडते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो आणि त्या भाराखाली हृदय थकते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर? पुण्यात एम. डी. करून बावस्कर पुन्हा याच भागात परतले आणि रक्तदाबासाठी बाजारात असलेली प्राझोसिनची साधी, स्वस्त गोळी त्यांनी या कामी वापरली. १९८६ मध्ये लॅन्सेटनेच ते प्रसिद्ध केले. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले ३०च्या आसपास रोगी मरत. गोळी वेळेवर मिळू लागली तेथे ते प्रमाण फारच खाली आले. येथे चिठ्ठी टाकली गेली नव्हती, हे लक्षात ठेवावे. आधीच्या मृत्यूंची वही होती, नंतरच्या जगण्याची वही होती, आणि दोहोंतील अंतर एवढे मोठे होते की चिठ्ठीची गरज पडली नाही. पुढे प्रश्न नाजूक झाला. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिले तर अधिक लाभ होतो का? हे नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखे नव्हते. तेव्हा बावस्करांनी ७० रोग्यांवर चिठ्ठीने गट पाडून परीक्षा घेतली आणि ती २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. प्रतिविषाची जोड मिळालेले रोगी लवकर पूर्ववत् झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या उपचारातील एक बारकावा मात्र मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण सबंध विषय त्यात सामावला आहे. गोळीची मात्रा रोग्याच्या वजनावर मोजून ठरते; ती अनेकांच्या अनुभवातून आलेली. परंतु पुन्हा द्यावयाची की नाही आणि केव्हा थांबावयाचे, हे रोग्याचे हातपाय चाचपून ठरते. ते कोरडे होऊन उबदार लागू लागले म्हणजे पुरे. त्यासाठी डॉक्टरला उठून खाटेपाशी जावे लागते. पहिल्या मात्रेनंतर रोग्याला उठू देता येत नाही, कारण रक्तदाब एकाएकी उतरतो. म्हणजे तेथेही कोणीतरी जवळ बसलेले हवे.

बावस्करांच्या विंचवाला नोंदवही मिळाली. आता ज्याला ती वेळेवर मिळाली नाही त्या प्रसंगाकडे, अर्थात या शहराकडेच वळले पाहिजे.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. त्या रात्री हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे येऊन कोसळली तेव्हा डॉक्टरांपाशी या विषाचा उतारा नव्हता. आत्रेयांनी औषधी आधी साठवावयास सांगितल्या होत्या. येथे कारखाना उभा राहून वर्षे लोटली होती, पण शेजारच्या रुग्णालयाला विषाचे ज्ञान कोणी पुरवून ठेवले नव्हते. गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील न्यायवैद्यकाचे प्रमुख डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात मृतांचे रक्त चेरीसारखे लालभडक दिसले. सायनाइडच्या विषबाधेत असे दिसते. सायनाइडवर सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन हा जुना, माहीत असलेला उपाय आहे. त्यातील गंधक सायनाइडला जोडले जाऊन थायोसायनेट बनते आणि ते लघवीवाटे निघून जाते. म्युनिचहून आलेले विषशास्त्रज्ञ मॅक्स डाउन्डरर यांनीही तेच सुचविले, आणि काही रोग्यांना हे इंजेक्शन देऊन आराम पडल्याचे दिसले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, हा वायू फुप्फुसे आणि डोळे जाळणारा आहे. त्यातून शरीरात सायनाइड होते याला आधार काय? डिसेंबरच्या मध्यास आरोग्य खात्याकडून सूचना गेली की, सायनाइडची बाधा प्रयोगशाळेत निर्णायकपणे सिद्ध झाल्यावाचून हे इंजेक्शन देऊ नये. वरवर पाहता ही सूचना प्रमाणनिष्ठेची आहे. पण प्रयोगशाळेत सिद्ध करण्याची सोय किती रोग्यांच्या वाट्याला आली होती? प्रमाण मागावयाचे आणि प्रमाण गोळा करण्याची व्यवस्था करावयाची नाही, याला प्रमाणनिष्ठा म्हणता येत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ च्या आरंभी दुहेरी अंधपरीक्षा घेतली. इंजेक्शन मिळालेल्या रोग्यांच्या लघवीतील थायोसायनेट वाढल्याचे आणि कित्येकांना आराम वाटल्याचे दिसून आले. फेब्रुवारीत परिषदेने इंजेक्शन देण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. एवढे होऊनही शहरात ते सर्रास मिळू लागले नाही. जून १९८५ मध्ये ते देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांची धाड पडली, डॉक्टर व कार्यकर्त्यांना अटक झाली, नोंदी नेण्यात आल्या. आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. सायनाइडचा प्रश्न तज्ज्ञांत पुढेही पूर्णपणे मिटला नाही. पण त्या क्षणी सायनाइडचा शास्त्रार्थ जिंकणे महत्त्वाचे होते का? विचारावयाचे ते एवढेच की, हे इंजेक्शन देण्यात धोका किती आणि न देण्यात किती. फारसे अपायकारक नसलेल्या औषधाला आणि शस्त्रक्रियेसारख्या जोखमीच्या उपायाला प्रमाणाची एकच उंची लावणे ही उपाधी न ओळखण्याची चूक आहे. ज्या खाटेवर माणूस गुदमरतो आहे तेथे संशयाचा फायदा रोग्याला मिळावयास हवा होता. त्याच वेळी हेही म्हटले पाहिजे की, पहिल्या आठवड्यातच प्रत्येक इंजेक्शनाबरोबर चार ओळींची टिपणे पद्धतशीर ठेवली गेली असती, तर लांबत गेलेला वाद काही दिवसांत निकाली निघाला असता.

या गोंधळातही काहींनी शांतपणे मोजले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११३ गॅसग्रस्तांची फुप्फुसे तपासून १९८५ मध्येच निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढेही त्यांचा पाठपुरावा केला. मार्च १९८५ मध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या गटाने कारखान्यालगतच्या जे. पी. नगरात आणि तुलनेसाठी दूरच्या अण्णानगरात घरोघर जाऊन पाहणी केली. तुलनेचे दुसरे नगर घेणे हाच त्यातील मर्म. सर्व खोकला गरिबीचा आणि जुन्या दम्याचा आहे असे जे म्हटले जात होते, त्याला त्यामुळे उत्तर मिळाले; गरिबी दोन्हीकडे होती, वायू एकीकडे होता. महाराष्ट्राच्या डॉ. राणी बंग यांनी डॉ. मीरा सद्गोपाल यांच्यासह स्त्रियांची वेगळी तपासणी केली, कारण स्त्रियांच्या अंतस्थ तक्रारी कोणाच्याच यादीत नव्हत्या. यादीत नसलेले दुखणे मोजले जात नाही. न मोजलेले दुखणे पुढे नसलेलेच ठरते. मोजणाऱ्याने आधी ऐकावे लागते ते याकरिता.

परिषदेचे गॅसविषयक मुख्य अभ्यास १९९४ मध्ये बंद झाले. आणि ऑगस्ट २०१२ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, गॅसग्रस्तांच्या वैद्यकीय नोंदी नीट संगणकावर घ्याव्यात आणि रोग्यापाशी त्याची स्वतःची पुस्तिका असावी. एवढी साधी गोष्ट! मधल्या काळात रोग्याला दर खेपेस आपली कहाणी नव्या डॉक्टरपुढे पहिल्यापासून सांगावी लागे, आणि खोकल्याला खोकल्याची, धाप लागली तर धापेची गोळी घेऊन तो घरी जाई. त्याच्यावर ना व्याप्तीचा उपचार झाला, ना पक्षधर्मतेचा.

मोठ्या आपत्तीची गोष्ट येथे ठेवून आता आपल्या घरातील एका नित्याच्या गोष्टीकडे यावे. कारण तेथे हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी उभा राहतो.

भक्तमंडळींच्या घरांत मधुमेह किती आहे हे कोणाला सांगावयास नको. रक्तातील साखर जितकी कमी तितके बरे, असे तर्काला पटते. अमेरिका व कॅनडात दहा हजारांहून अधिक रोग्यांवर हे पडताळून पाहिले गेले. साखर फार कसून उतरविलेल्या गटात मृत्यू अधिक झाल्याने ती परीक्षा २००८ मध्ये तेवढ्यापुरती आवरती घ्यावी लागली. मोजले म्हणून तर्क चुकल्याचे कळले. त्यानंतर वृद्धांच्या आणि दुबळ्यांच्या बाबतीत लक्ष्य सैल ठेवावे, असे मार्गदर्शक ग्रंथच सांगू लागले. म्हणजे अनेकांच्या प्रमाणानेच सांगितले की, माणूस पाहा.

परंतु डॉक्टरने माणूस पाहावा कसा, जर त्या माणसानेच स्वतःला झाकून ठेवले तर? सत्तरीच्या आजी एकादशीला निर्जल राहतात आणि नेमाची म्हणून साखरेची गोळीही घेतात. पोटात अन्न नाही, गोळी आपले काम करते. दुपारी घाम येतो, हात थरथरतात, शुद्ध हरपते. घरचे म्हणतात, उपवासाने चक्कर आली. डॉक्टरला एकादशी सांगितलेली नसते, कारण तो रागावेल; आणि डॉक्टरनेही विचारलेले नसते, कारण त्याच्या छापील फॉर्मवर एकादशीचा रकाना नाही. काढा, भस्म, कोणी दिलेली पुडी यांचेही असेच होते. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने कोणता काढा चालू केला हे डॉक्टरला कळले नाही, तर दोन्ही औषधे निर्दोष असून रोगी संकटात सापडू शकतो. अमक्याच्या काकांना त्याने गुण आला, हे खरे असेल. पण काका हा एक पर्वत झाला, आणि तोही दुसरा.

उपवासाच्या बाबतीत तर शास्त्राची आडकाठीही नाही. व्रताचा भंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी परंपरेने मानल्या आहेत त्यांत पाणी, कंदमूळ, फळ, दूध आणि हविष्य यांच्या जोडीला औषध आहे, आणि गुरूचा शब्दही आहे. बालक, वृद्ध आणि आतुर यांच्यासाठी धर्मशास्त्राने नेहमीच वेगळी वाट ठेवली. नियम सर्वांना सांगावयाचा आणि माणूस पाहून तो सैल करावयाचा, ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांच्या नावाने आजींनी निर्जल राहण्याचा हट्ट धरावा, हे विपरीतच म्हणावयाचे. मठात येऊन एकादशीबद्दल विचारणाऱ्या वृद्धांना आधी त्यांची औषधाची चिठ्ठी मागावी, हे बरे.

इन्सुलिन घेणाऱ्याने वा साखर उतरविणारी गोळी घेणाऱ्याने उपवास करावा की नाही, करावयाचा तर दूध-फळ केव्हा घ्यावे आणि आदल्या रात्रीची मात्रा किती ठेवावी, याचे एकच उत्तर सर्वांसाठी नाही. ते गोळीच्या जातीवर, मूत्रपिंडाच्या बळावर, वयावर आणि पूर्वी कधी साखर एकाएकी उतरली होती का यावर अवलंबून असते. डॉक्टरकडे जाताना पंचांग बरोबर न्यावे आणि हे दशमीच्या आधीच विचारून घ्यावे.